बारावीनंतर इंजिनिअरिंग: ऑप्शन फॉर्म, ब्रँच आणि दाखले (कोल्हापूर-सांगली-सातारा)

शाहूपुरी_चौथी_गल्ली

नमस्कार मंडळी. पुतणी यंदा बारावी सायन्स, ओबीसी, शाळा-कॉलेज सगळं कोल्हापुरातच. सीईटी झाली, निकाल यायचाय. सराव पेपरांवरून ९० ते ९३ पर्सेंटाईलचा अंदाज. घरात वडील म्हणतात कॉम्प्युटर, आजोबा म्हणतात सिव्हिल, आणि पोरीला स्वतःला नक्की सांगता येत नाही. धाकट्याची दहावी झाली, तो डिप्लोमा म्हणतोय. मला तीन गोष्टी हव्यात: ऑप्शन फॉर्मचा (कॉलेज-ब्रँचच्या पसंतीच्या यादीचा) क्रम कसा लावायचा, ब्रँच कशावरून ठरवायची, आणि दाखल्यांत कुठं अडकतं. कृपा करून "मनाचं ऐका" असलं कुणी लिहू नका, ते घरात रोज ऐकतोय.

रंकाळा_टॉवर

दादा, आधी दाखले. फॉर्मला वेळ आहे, दाखल्यांना नाही.

ओबीसी म्हणजे तीन कागद: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर. यातलं नॉन-क्रीमीलेअर सगळ्यात जास्त जणांना नडतं. घरात दाखला असतो, पण त्याची मुदत संपलेली असते. प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षाचा, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध पाहिजे. म्हणजे या जूनमध्ये प्रवेश घेणार असाल तर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चची तारीख त्यावर असली पाहिजे. आजच काढून बघा.

वैधता नसेल तर बारावीच्या कॉलेजातून १५-ए नमुन्यातलं पत्र घ्या, नमुना १६ चा अर्ज ऑनलाईन भरा, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये आणि दुसरं नमुना १७ मध्ये. मग प्रकरण विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात, पडताळणी समितीकडे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०. वडील, चुलते किंवा सख्खा भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाची वैधता असेल तर काम फार हलकं होतं. नसेल तर आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते. आपल्याकडं जुन्या नोंदी मोडीत असतात, त्याचं लिप्यंतर जोडावं लागतं, त्यात आठवडे जातात.

वैधतेच्या अर्जाची पावती जोडून प्रवेशाचा अर्ज पुढं जातो. पण दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर नाव खुल्या गटात जातं, आणि मिळालेली सीटही जाऊ शकते.

बिंदू_चौक

रंकाळा ताईंच्या पोस्टला जोड. नावं जुळवून घ्या. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर आडनावच वेगळं, हे सर्रास असतं. प्रमाण धरायचं दहावीचं मार्कशीट, बाकीचं त्याला जुळवायचं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व "भारतीय" आणि जन्मठिकाण महाराष्ट्रातलं असेल, दहावी-बारावीही इथलीच असेल, तर डोमिसाईलसाठी (रहिवासाच्या दाखल्यासाठी) तहसीलला हेलपाटे घालायचं कारण नाही. दाखल्यावर नुसतं गाव लिहिलंय, तालुका-जिल्हा नाही, असं असेल तर शाळेत जाऊन दुरुस्त करून घ्या. ऐन जूनमध्ये हेडमास्तर सापडत नाहीत.

ई-स्क्रुटिनी (कागदांची ऑनलाईन तपासणी) घेतली असेल तर रोज लॉगिन करून बघा. स्कॅन पुसट आहे, पान अर्धं कापलंय म्हणून अर्ज परत येतो आणि तो तिथंच पडून राहतो. मेसेज येईलच असं धरून बसू नका.

पंचगंगा_घाट

ऑप्शन फॉर्मवर सविस्तर लिहितो, कारण २०२५ पासून नियम बदललेत आणि गल्लीतले सल्ले अजून जुनेच चाललेत.

आधी वाटप कसं होतं ते. संगणक मेरिट लिस्टमधल्या पहिल्या पोराला घेतो, त्याची यादी वरून खाली बघतो, जिथं जागा शिल्लक तिथं थांबतो. मग दुसरा. तुमचा नंबर येईल तेव्हा तुमच्या १ नंबरपासून बघायला सुरुवात होते. त्यामुळं वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालची सीट जात नाही. "पहिले दहा ऑप्शन वाया घालवू नका" हा सल्ला चुकीचा आहे. वाया जाणारं त्यात काहीच नसतं.

आता नवा भाग. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत यादीतला १ नंबर लागला तर तो घ्यावाच लागतो, सीट आपोआप फ्रीज. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही लागला तर फ्रीज. तिसरीत पहिल्या सहापैकी. चौथीत जे लागेल ते शेवटचं. फ्रीज झालेली सीट घेतली नाही तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर.

उदाहरण घ्या. यादी अशी समजा: १ सीओईपी (पुणे) कॉम्प्युटर, २ वालचंद (सांगली) कॉम्प्युटर, ३ वालचंद इलेक्ट्रॉनिक्स, ४ केआयटी (गोकुळ शिरगाव) कॉम्प्युटर, ५ डीकेटीई (इचलकरंजी) कॉम्प्युटर. पहिल्या फेरीत ४ नंबर लागला. सीट स्वीकारण्याचे १००० रुपये भरून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा ऑप्शन लागतो का बघायला, थांबता येतं. दुसरीत ३ नंबर लागला, की खेळ संपला. केआयटीची सीट आपोआप गेली आणि वालचंद इलेक्ट्रॉनिक्स फ्रीज. तिसऱ्या फेरीत वालचंद कॉम्प्युटरला कुणी सीट सोडली तरी ती तुम्हाला मिळणार नाही.

म्हणून प्रत्येक फेरीआधी यादी पुन्हा उघडायची आणि स्वतःला विचारायचं: पहिल्या फेरीसाठी १ नंबरवर, दुसरीसाठी पहिल्या ३ वर, तिसरीसाठी पहिल्या ६ वर थांबायला मी खुशीनं तयार आहे का? उत्तर "नाही" असेल तर त्या ऑप्शनच्या वर आणखी ऑप्शन घाला. आवाक्याबाहेरचे चालतील, पण लागलेच तर आनंदानं जाल असेच. नागपूरला पाठवायचंच नाही असं घरात ठरलंय आणि जागा भरायची म्हणून तिथलं कॉलेज ५ नंबरला टाकलंय, असं करू नका. लागलं तर बसावं लागेल.

आणखी एक. फॉर्म "सेव्ह" केला म्हणजे भरला असं नाही. कन्फर्म करून लॉक केल्याशिवाय तो धरतच नाहीत. लॉक झाल्यावर पीडीएफ उतरवून एकेक कोड बोट ठेवून वाचा.

तांबडा_पांढरा

घाटावरचे दादा, नादखुळा समजावलंय. एक शंका. कटऑफच्या पीडीएफमध्ये ते जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ असलं काय असतंय? आमच्या पोराला वाटलं कॉलेजचं नावच हाय.

पंचगंगा_घाट

पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधलं प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी, एसईबीसी वगैरे. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातले, एस म्हणजे राज्यस्तरीय. आपल्याला शिवाजी विद्यापीठ म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे होम. पुण्याच्या कॉलेजचं कटऑफ बघताना एच ची ओळ बघून पोरं खूश होतात. ती ओळ आपली नसते, आपली ओ ची.

होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावर नाही, बारावी कुठून झाली त्यावर ठरते. क्लाससाठी लातूर किंवा पुण्याच्या कॉलेजात नाव घातलेलं असेल तर घर राजारामपुरीत असून उपयोग नाही.

आकडा दोन असतात, मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाईल. दोन वर्षांच्या, त्याही फेरीनिहाय पीडीएफ समोर ठेवा. पहिल्या फेरीचं कटऑफ बघून "आपलं काही खरं नाही" म्हणायचं नाही. आणि ओबीसी मुलगी ओपन, एल-ओपन, ओबीसी, एल-ओबीसी अशा सगळ्या जागांसाठी आपोआप धरली जाते, त्यासाठी वेगळी टिक करायची नसते.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

आणि टीएफडब्ल्यूएस? कॅफेवाला म्हणतोय "त्यात टाका, फुकट शिक्षण".

करवीर_पेठ

फुकट नाही, शिक्षण शुल्क माफ. डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, हॉस्टेल, मेस हे सगळं असतंच. मंजूर जागांच्या ५ टक्के जागा त्यावर जादा मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. तिथं जातीचं आरक्षण नाही, निव्वळ मेरिट, म्हणून कटऑफ ओपनपेक्षाही वर जातं. अर्जात "हो" म्हणून भागत नाही, तिचा चॉईस कोड वेगळा, शेवटी टी असलेला. एकाच ब्रँचचे दोन कोड असतील तर टी वाला वर, साधा लगेच खाली. उलटा लावला तर टी पर्यंत गाडी पोचणारच नाही.

तुमच्या पुतणीला मात्र याची तेवढी गरज नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, उत्पन्न ८ लाखांपर्यंत. अर्ज महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर). अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हक्क गेला. खासगी विद्यापीठांनाही ही सवलत लागू नाही, हे माहितीपत्रकावर कुठं लिहिलेलं नसतं. मुलांसाठी शासनाच्या शुल्क योजनांत निम्मं शिक्षण शुल्क माफ आहे, उत्पन्नाची मर्यादा तीच.

एक गल्लत टाळा. नॉन-क्रीमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. फी सवलतीच्या ८ लाखांत मात्र सगळं धरतात. म्हणजे वडील नोकरदार असतील तर नॉन-क्रीमीलेअर मिळेल आणि फी सवलत मिळणार नाही, असं होऊ शकतं. बजेट त्या हिशोबानं मांडा. कॉलेजची खरी फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत बघायची. तिथं शिक्षण शुल्क आणि डेव्हलपमेंट फी वेगळी दाखवलेली असते.

निपाणी_वेस

आमच्या भागातल्यांसाठी कुणी लिहीत नाही, म्हणून विचारतो. चंदगड तालुक्यातला मुलगा, बारावीला बेळगावच्या पीयू कॉलेजात. त्याला महाराष्ट्रात प्रवेश मिळतो का?

गडहिंग्लज_एसटी_स्टँड

मिळतो, पण कुठल्या टाइपमध्ये बसवायचं ते नीट बघा, चुकलं की अर्ज परत येतो. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली आणि महाराष्ट्राचा जन्म किंवा डोमिसाईल असेल तर टाइप ए. बारावी बेळगावात झाली की ए मधून बाहेर. मग टाइप बी: मुलाचं स्वतःचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाईल जोडायचं. तहसीलमधून ते आत्ताच काढून ठेवा.

निपाणी, बेळगाव, खानापूरकडच्या ८६५ वादग्रस्त गावांतले, मातृभाषा मराठी असलेले, ते टाइप ई. त्यांना दोन दाखले लागतात: गाव सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. कर्नाटक बोर्डाचे मार्क चालतात, पण सीईटी द्यावीच लागते. कर्नाटकच्या सीईटीवर इथं प्रवेश होत नाही. दोन्हीकडचे फॉर्म भरणारी पोरं दोन्ही परीक्षांच्या तारखा मात्र सोयीनं विसरतात.

उद्यमनगर_शेड_९

आता ब्रँचवर. सगळीकडं कॉम्प्युटर-कॉम्प्युटर चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कोल्हापुरात मेकॅनिकल म्हणजे काय, हे बघायला कुठल्या सेमिनारला जायची गरज नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीत ओळखीनं एखाद्या फाउंड्रीत दोन तास उभं राहायचं. एकच गोष्ट नीट बघायची: रिजेक्ट झालेली कास्टिंग (ओतीव भाग). बाहेर ढीग लागलेला असतो. त्यातलं एक उचलून कुणालातरी विचारायचं, "हे का फेकलं?" तो सांगेल, हा ब्लो होल, वाळूत ओलावा जास्त होता. हिरव्या वाळूत ओलावा साधारण ३ ते ४ टक्के ठेवतात. वर गेला की वितळलेल्या लोखंडाच्या उष्णतेनं त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूत अडकून पोकळी राहते. हे कोल्ड शट, धातू ओतेपर्यंत थंड पडला म्हणून दोन प्रवाह एकजीव झाले नाहीत. ग्रे आयर्न साधारण १३५०-१४०० अंशांना ओततात, लॅडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) नेताना उशीर झाला की तापमान खाली येतं. हे श्रिंकेज, धातू थंड होताना आकसतो तेव्हा त्याला भर देणारा साठा, म्हणजे रायझर, लहान पडला.

हे ऐकताना पोराला "मग रायझर किती मोठा पाहिजे होता?" असा प्रश्न पडला तर त्याला मेकॅनिकल किंवा मेटलर्जी जमेल. तो मोबाईल काढून उभा राहिला तर पाठवू नका, चार वर्षं तो पण कुढेल आणि तुम्ही पण. त्या प्रश्नाचं उत्तर आता मेथडिंगची (धातू साच्यात कसा ओतायचा ते ठरवणारी) माणसं सॉफ्टवेअरवर काढतात, म्हणजे धूळ आणि संगणक दोन्ही यायला लागतं. पगाराचं खरं सांगायचं तर सुरुवात कमीच. शॉपफ्लोअर समजला, सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मशीन) यांचं प्रोग्रॅमिंग आणि सीएमएमवर (मापं तपासायच्या यंत्रावर) तपासणी हाताला आली की पुढं वाढतं.

नादखुळा_७७

शेड ९, म्हाताऱ्यांचं तुणतुणं बंद करा राव. सगळी फाउंड्री पुण्यातल्या गाड्यांच्या ऑर्डरवर, मंदी आली की शिफ्ट बंद. कॉम्प्युटर घ्या, घरबसल्या काम मिळतंय.

उद्यमनगर_शेड_९

घरबसल्या काम मिळणारे किती आणि ते कुठल्या कॉलेजचे, तेवढं सांगा. मंदीचं बरोबर आहे, पण मंदी आयटीतही येते.

राजारामपुरी_आठवी

भांडू नका, दोघंही अर्धं बरोबर आहात. कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवावा. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यामुळं बऱ्याच कॉलेजांत कॉम्प्युटर आणि त्याची भावंडं (एआय, डेटा सायन्स, सायबर) मिळून जागा भरपूर वाढल्या. जागा एका वर्षात वाढतात, शिक्षक तसे वाढत नाहीत. २० मुलांमागे १ शिक्षक हे प्रमाण आहे. कॉलेजच्या वेबसाईटवर मँडेटरी डिस्क्लोजर (सक्तीनं जाहीर करायची माहिती) टाकावं लागतं, त्यात शिक्षकांची यादी असते. ब्रँचच्या एकूण मुलांना शिक्षकांच्या संख्येनं भागा. उत्तर ३५-४० आलं तर ब्रँचचं नाव कितीही झकपक असलं तरी प्रॅक्टिकलला एका संगणकावर तिघं बसणार.

एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन कॉलेजला नसतं, ब्रँचला असतं, आणि ठरावीक वर्षांसाठी. फलकावर "एनबीए मान्यताप्राप्त" लिहिलं असेल तर कुठली ब्रँच आणि कधीपर्यंत, एवढं विचारा. नव्या ब्रँचला ते नसणारच, कारण आधी पोरं बाहेर पडावी लागतात.

कॉम्प्युटर आणि एआय-डेटा सायन्समधला फरक पहिल्या वर्षी जवळजवळ शून्य. गणित, भौतिक, रसायन, सी प्रोग्रॅमिंग, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, वर्कशॉप सगळ्यांना. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम दोन्हीकडं. पुढं एआयला संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जिब्राचा भार वाढतो. ज्या पोराला बारावीत प्रॉबॅबिलिटी आणि मॅट्रिक्सचा कंटाळा, त्यानं नुसत्या नावावर एआय घेऊ नये.

प्लेसमेंटचा आकडा विचारताना "हायेस्ट" सोडून द्या. तीन प्रश्न: त्या ब्रँचची किती मुलं बसली, किती वेगवेगळ्या मुलांना ऑफर मिळाली, आणि मधल्या मुलाचा पगार किती. एकाच पोराच्या चार ऑफर चार म्हणून मोजायची पद्धत फार आहे.

रंकाळा_टॉवर

सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलचं कुणी लिहिलं नाही. आजोबांचं म्हणणं उडवून लावू नका. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद इथल्या भरत्यांत सिव्हिलला जागा असतात, महावितरण-महापारेषणला इलेक्ट्रिकल. महाराष्ट्र अभियांत्रिकी सेवेची परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल यांच्यासाठी होते, कॉम्प्युटरला तिथं दार नाही. पण भरतीच्या जाहिराती वर्षानुवर्षं लांबतात, त्या आशेवरच ब्रँच घेऊ नये. सिव्हिल घेणाऱ्यानं तंबू-छत्री घेऊन उन्हात उभं राहायची तयारी आहे का, ते बघावं.

आणि ज्यांना रसायन आवडतं त्यांनी केमिकल, फूड, टेक्स्टाईल या ब्रँचकडं बघा. वारणानगरला आणि कसबा बावड्यात केमिकल आहे, विद्यापीठाच्या तंत्रज्ञान अधिविभागात फूड, इचलकरंजीत डीकेटीईचं टेक्स्टाईल. गर्दी कमी असते आणि मार्क कमी असूनही चांगलं कॉलेज मिळतं.

गारगोटी_एसटी

धाकट्याच्या डिप्लोम्यावर. दहावीच्या मार्कांवर कॅपनं प्रवेश, सीईटी नाही, ३ वर्षं. विद्यानगरचं शासकीय तंत्रनिकेतन हाती लागलं तर फी फार कमी. गारगोटीचं आयसीआरईही जुनं. डिप्लोम्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला, तिथंही सीईटी नाही, डिप्लोम्याच्या मार्कांवर मेरिट. दहावी ते पदवी दोन्ही वाटांनी ६ वर्षंच लागतात. फरक असा की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षी एक कागद असतो, ज्यावर नोकरी मिळू शकते.

बिघडतं कुठं? गणितात. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेला मुलगा लाप्लास आणि फूरिए असलेल्या एम-३ (गणित-३) समोर बसतो, पण पदवीच्या पहिल्या वर्षाचं एम-१, एम-२ त्यानं केलेलंच नसतं. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीन याच्यात तो बारावीवाल्याच्या पुढं असतो, गणितात मागं. डिप्लोम्याच्या शेवटच्या सेमिस्टरनंतर जे दोन महिने मिळतात त्यात डिफरन्शियल इक्वेशन, पार्शियल डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स उरकायचे. जेईई, आयआयटी डोक्यात असेल तर डिप्लोमा नको, अकरावी.

तांबडा_पांढरा

आमचा पोरगा आता बारावीत गेलाय, म्हणजे त्याची सीईटी पुढच्या वर्षी. त्यानं काय करायचं? क्लास लावलाय, पण मार्क हलंनात.

करवीर_पेठ

पेपरची रचना बघितली का? पीसीएमला १५० प्रश्न, २०० मार्क, १८० मिनिटं. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५०, प्रत्येकी १ मार्क. पुढच्या ९० मिनिटांत गणित ५०, प्रत्येकी २ मार्क. पहिला भाग वेळ संपल्यावर बंद होतो, मागं जाता येत नाही. म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रश्नामागं ५४ सेकंद आणि गणिताला १०८. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही.

मार्क न हलण्याची नेहमीची कारणं दोन. एक, पोरं जेईईच्या पद्धतीनं एका प्रश्नाला चार मिनिटं देतात. सीईटीत प्रश्न तितके खोल नसतात, वेग लागतो. केमिस्ट्री आधी, ३५ मिनिटांत संपवायची, आठवतं त्याला टिक करायची, नाही त्याला खूण करून पुढं. उरलेली ५५ फिजिक्सला. दोन, कॅलक्युलेटर नाही हे विसरतात. पीएच, अर्धायुष्य, नेर्न्स्ट असल्या गणितांत लॉग हातानं काढावे लागतात. लॉग २ = ०.३०१, लॉग ३ = ०.४७७, एवढं पाठ असलं की बहुतेक ठिकाणी भागतं.

बारावीचा भार ८० टक्के, अकरावीचा २०, आणि अकरावीची ठरावीक प्रकरणंच. यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते. बालभारतीचं पुस्तक ओळीनं वाचायचं, केमिस्ट्रीत तर चौकटीतला मजकूरसुद्धा. आठवड्याला एक पूर्ण पेपर संगणकावर, सकाळ-दुपार ज्या सत्रात परीक्षा येऊ शकते त्या वेळेला. पेपरनंतरचे दोन तास चुकांवर. चुकीच्या प्रश्नापुढं "येत नव्हतं", "आकडेमोड", "प्रश्न वाचलाच नाही" यापैकी एक लिहायचं. चार पेपरांनंतर काय दुरुस्त करायचं ते आपोआप दिसतं.

आणि गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांनी संज्ञांची वही आत्ताच करावी.

बिंदू_चौक

बारावी बोर्डाला टांग मारू नका म्हणावं. पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४० लागतात. सीईटीला ९५ पडले आणि बोर्डात ही ४५-४० टक्क्यांची अट पुरी झाली नाही तर सीईटीचा कागद फ्रेम करून लावायचा. एनआयटीसाठी तर बोर्डात ७५ टक्क्यांची अट आहे.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

सगळ्यांचे आभार. काल बसून पहिली यादी केली: १ वालचंद कॉम्प्युटर, २ वालचंद आयटी, ३ केआयटी कॉम्प्युटर, ४ आरआयटी (राजारामनगर) कॉम्प्युटर, ५ डीकेटीई कॉम्प्युटर, ६ कसबा बावडा कॉम्प्युटर, ७ वालचंद इलेक्ट्रिकल, ८ कराड सरकारी इलेक्ट्रिकल. पोरीनं विद्यापीठाचा सिलॅबस उतरवून वाचला, इलेक्ट्रिकल मशीन्सचं प्रकरण तिला आवडलंय म्हणते. बरोबर वाटतंय का?

पंचगंगा_घाट

तिला इलेक्ट्रिकल आवडलंय आणि ते ७-८ वर आहे, म्हणजे यादी अजून तिच्या वडिलांची आहे. ६ नंबरचं कॉम्प्युटर लागलं तर तिसऱ्या फेरीला फ्रीज होईल आणि वालचंद इलेक्ट्रिकलपर्यंत संगणक जाणारच नाही. घरात एकच प्रश्न विचारा: बावडा कॉम्प्युटर आणि वालचंद इलेक्ट्रिकल दोन्ही समोर ठेवली तर ती कुठली उचलेल? जी उचलेल ती वर. अशा जोड्या लावत खालून वर या, यादी आपोआप लागते.

दुसरं, ९० ते ९३ ला आठ ऑप्शन फार थोडे. निदान तीस-चाळीस भरा. शेवटचे पाच-सहा असे हवेत, जिथलं गेल्या वर्षीचं कटऑफ तुमच्यापेक्षा बरंच खाली होतं. ते नसले की चौथ्या फेरीअखेर हातात काहीच राहत नाही आणि मग इन्स्टिट्यूट लेव्हलच्या (कॉलेज स्वतः भरतं त्या) जागांसाठी कॉलेज-कॉलेज फिरावं लागतं.

येण्या-जाण्याचाही हिशोब घाला. गोकुळ शिरगाव, बावडा घरून होतं. सांगलीला रोज जाऊन-येऊन १०० किलोमीटर, पहिल्या वर्षी प्रॅक्टिकल सुटल्यावर पोरं दमून जातात. कराड म्हणजे हॉस्टेलच.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

विचारलं. इलेक्ट्रिकल उचललं. वडील अजून गप्प आहेत.

रंकाळा_टॉवर

गप्प म्हणजे अर्धा होकार. त्यांना फ्रीजचा नियम वहीत आकडे मांडून दाखवा. आणि दादा, लॉगिनचा पासवर्ड बदला, ओटीपीचा मोबाईल नंबर घरातला ठेवा. कॅफेवाल्याकडं फॉर्म भरला असेल तर तिथं पासवर्ड वहीत लिहून ठेवायची पद्धत असते. नॉन-क्रीमीलेअरची तारीख बघितली का?

शाहूपुरी_चौथी_गल्ली

बघितली. गेल्या मार्चलाच संपलीय. उद्या सकाळी सेतूत.